सात किलोंचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला होता 'माझा छंद'. मी त्यांना म्हटलं, छंदावर मी दोन तास बोलेन आणि दहाव्या मिनिटाला हॉलमध्ये फक्त आपण दोघं उरू. तेव्हा आज छंदाबद्दल नाही, छंदाच्या वजनाबद्दल बोलतो.

ऑफिसच्या भिंतीवर एक फोटो लावलेला आहे, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. संध्याकाळचं आकाश, खाली थोडं पाणी, आणि आकाशभर काळे ठिपके. आपले वॉचमन गेली नऊ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "साहेबांनी डासांचा फोटो काढलाय." ते डास नाहीत. आणि तो फोटो मला काढायचाच नव्हता. मी गेलो होतो वेगळाच फोटो काढायला. तो का निघाला नाही, ते सांगायला मी बी विंगमधल्या तुमच्या काकूंची, म्हणजे माझ्या वहिनींची, परवानगी घेतली आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. माझं काही चुकलं तर त्या सांगतीलच.

आपल्यातले जुने लोक २००० साली इथे राहायला आले तेव्हा डॉक्टर आणि मी एकाच आठवड्यात आलो. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात, मोजमापाच्या खोलीत. दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलायचं. डॉक्टरांचा दवाखाना कोथरूडला. रविवारी पहाटे ते स्कूटर काढायचे आणि मी मागे बसायचो. पौड, मुळशी तलाव, कधी ताम्हिणीपर्यंत. नवरंग, शीळकरी कस्तुर, शेकरू हे सगळं त्यांनी मला दाखवलं. मग त्यांनी ती लेन्स घेतली. कॅननची ५०० मिलिमीटर, एफ-४. पांढरी, हातभर लांब, तोंड वरणाच्या पातेल्याएवढं. तेवढ्या पैशात तेव्हा एक छोटी गाडी आली असती. वहिनींनी ते बोलूनही दाखवलं होतं, असं ऐकून आहे.

२०१४ च्या सुरुवातीला डॉक्टर गेले. लेन्स कपाटात राहिली. आता आपल्या मुळशीत कपाटात राहणं म्हणजे काय, हे कुणाला वेगळं सांगायला नको. जुलैत चपलांना बुरशी येते, लोणच्याच्या बरणीला येते, तशी काचेलाही येते. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागतात. एकदा का ती आतल्या काचेवर पसरली की काचेवरचा लेप खाते. मी एक दिवस सहज म्हटलं, "वहिनी, पावसाळ्यात तिला जरा बाहेर काढा, उन्हात ठेवा." त्या आत गेल्या, पेटी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी कशाला काढू? तुम्ही वापरा. वापरात राहील तर टिकेल."

लेन्स अशी माझ्याकडे आली. माझी नव्हे, माझ्याकडे. हा फरक पुढे फार महाग पडला.

२०१५ च्या दिवाळीआधी मी नागालँडला जायचं ठरवलं, अमूर ससाणे बघायला. हे पक्षी सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या पाण्याकाठी लाखोंनी उतरतात, आणि तिथून भारत ओलांडून, पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. वाटेत काही आपल्या लोणावळ्याच्या पठारावरही दिसतात. २०१२ साली तिथे त्यांची बेसुमार शिकार होत असल्याचं जगासमोर आलं. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी ती स्वतःहून थांबवली. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह-ट्रान्समीटर बसवले आणि त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. पक्षी साधारण दीडशे ग्रॅमचा. त्याच्या पाठीवर किती ओझं द्यायचं याचा शास्त्रज्ञ ग्रॅममध्ये हिशेब करतात. माणसाच्या पाठीचा असा विचार कुणी करत नाही.

तर माझा हिशेब. देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला सात किलो. खाली द्यायच्या सामानाला तेव्हा पंधरा किलो. मोजमापाच्या खोलीत आयुष्य गेलेला माणूस, मी सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मोजलं. लेन्स ३ किलो ८७० ग्रॅम. कॅमेरा बॅटरीसकट ९१० ग्रॅम. पॅड लावलेली पाठीवरची बॅग २ किलो १०० ग्रॅम. बेरीज ६ किलो ८८०. माझ्या वाट्याला उरले १२० ग्रॅम. म्हणजे त्या बॅगेत एक ससाणासुद्धा बसला नसता!

मग दुर्बीण गळ्यात. चार्जर, बॅटऱ्या आणि कार्डं जाकिटाच्या खिशांत. या जाकिटाला आमच्या घरात 'किराणा दुकान' म्हणतात. ट्रायपॉड आणि त्याचं जड डोकं स्वेटरमध्ये गुंडाळून खालच्या सामानात. ते लोखंड-ॲल्युमिनियम आहे, आपटलं तर आपटलं. काच मात्र हातात. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं.

बॅटऱ्यांचं जरा थांबून सांगतो, कारण हे फक्त कॅमेरावाल्यांसाठी नाही, तुमच्या पॉवर बँकेलाही लागू आहे. सुटी लिथियम बॅटरी खालच्या सामानात कधीही द्यायची नाही. तिथे ती पेटली तर कुणाला दिसत नाही. वर केबिनमध्ये धूर दिसतो, विझवता येतो. किती मोठी चालते ते वॉट-तासांवर ठरतं. शंभरपर्यंत सरळ चालते, शंभर ते एकशेसाठ विमान कंपनीला विचारून, त्यावर नाही. हिशेब सोपा आहे, व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास. माझ्या कॅमेऱ्याची ७.२ व्होल्टची, १.८ ॲम्पिअर-तासांची, म्हणजे १३ देखील नाही. वीस हजार लिहिलेली पॉवर बँक साधारण ७४. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, नाहीतर खिशातल्या किल्लीशी तिची गाठ पडते.

पहाटे दोनला टॅक्सीने निघालो. तेव्हा चांदणी चौकात जुना पूल होता, पण त्या वेळी तिथे कुत्रीसुद्धा झोपलेली. लोहगावला सुरक्षा तपासणीत बॅग मशीनमधून गेली आणि थांबली. हे नेहमीचं आहे. इतकी जाड काच आणि धातू पडद्यावर काळी नळी म्हणून दिसते, आणि काळी नळी म्हटल्यावर कुणीही उघडायला सांगणारच. अशा वेळी चिडायचं नाही. मी नेहमी म्हणतो, "मी उघडतो, काचेला हात मात्र माझाच राहू द्या." त्या दिवशीच्या जवानाने झाकण काढल्यावर आत डोकावून विचारलं, "इससे कितना दूर दिखता है?" मी म्हटलं, पक्षी असेल तर समोरच्या झाडावरचा, आणि नशीब असेल तर. तो हसला आणि त्याने जाऊ दिलं. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा कॅमेरा तिथे दाखवायचा तपासणीपुरता, डोळ्याला लावायचा नाही.

आता माझी चूक. तपासणीनंतर सगळं परत बॅगेत भरताना मी कॅमेरा लेन्सला जोडला. कशाला? पुढच्या विमानतळावरून गावाकडे जाताना वाटेत काही दिसलंच तर पटकन काढता येईल म्हणून. निव्वळ हाव. तिकडे पोचायला अजून दोन विमानं आणि अख्खा दिवस होता.

दुसरं विमान लहान होतं, पंख्याचं. ज्यांनी अशा विमानातून प्रवास केलाय त्यांना माहीत आहे, डोक्यावरचे कप्पे एवढेसे असतात. शिडीशी कर्मचारी मुलगी उभी होती. नम्र होती, तिचा काही दोष नाही. म्हणाली, "सर, ही बॅग वर बसणार नाही, खाली द्यावी लागेल." मी म्हटलं, सात किलोच्या आत आहे. ती म्हणाली, वजनाचा प्रश्न नाही, आकाराचा आहे. आणि ते खरं होतं. लेन्स एकटी ३९ सेंटिमीटर लांब. समोरच्या सीटखाली आरामात मावली असती. कॅमेरा जोडल्यावर ती बॅगेत उभी ताठ झाली होती. मी तिथेच खाली बसून, बॅग उघडून, लेन्स सोडवून काखेत मारली असती तर दहा सेकंदांचं काम होतं. पण मागे रांग होती. कुणीतरी "चलो चलो" म्हणालं. आणि मला, खरं सांगतो, लाज वाटली. जमिनीवर बसून बॅग उपसणारा म्हातारा दिसू नये म्हणून मी ती देऊन टाकली. तिने वर 'नाजूक' असं लाल लेबल लावलं. त्या लेबलाचा अर्थ सामान टाकणाऱ्याला काय वाटतो, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

उतरल्यावर बॅग बाहेरून व्यवस्थित होती. ओरखडासुद्धा नव्हता. रात्री मुक्कामी मी उघडूनही पाहिली नाही. सकाळी पांगतीच्या वर, धुक्यात, ट्रायपॉड लावला, कॅमेरा चालू केला, आणि पडद्यावर अक्षरं आली, एरर ०१. म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांचं आपसातलं बोलणं बंद. पुसलं, काढलं, लावलं. लावताना जाणवलं की कडी घासतेय. माझ्या बोटांना मोजमापाची सवय. कडी वाकली होती.

का वाकली ते लगेच कळलं, आणि त्यामुळे जास्त वाईट वाटलं. बॅग कुणीतरी उभी आपटली. नुसती लेन्स असती तर पॅडने झेलली असती. पण खाली कॅमेरा आणि त्याच्यावर चार किलोंची लेन्स. सगळा दणका मधल्या पातळ कडीवर आणि तिच्या बारीक स्क्रूंवर. या कॅमेऱ्यात कडीपासून आतल्या सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिलिमीटर असतं आणि ते चहूबाजूंनी सारखं लागतं. कारखान्यात एखाद्या पोराने असं काही बांधून पाठवलं असतं तर मी त्याला उभं धुतलं असतं.

तिथे मला आपल्या पलीकडचीच एक जुनी गोष्ट आठवली. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि ते बघायला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सोलापूर जिल्ह्यात जेऊरला आले होते. आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवालाही तिथेच वेध घेत होते. कॅम्पबेलांचा कॅमेरा चाळीस फुटी, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. पण त्यातली लेन्स पाच इंचांची. नळी होती कापडाची. बोटीने, आगगाडीने अर्धं जग ओलांडून आलेला माणूस काच जपून आणतो, बाकीचा सांगाडा वेगळा ठेवतो आणि जागेवर उभारतो. आणि सगळं कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी. मी सव्वाशे वर्षांनंतरचा इंजिनिअर, आणि मी नळी-काच-कॅमेरा एकत्र बांधून हमालाच्या हातात दिले.

त्या संध्याकाळी ससाणे आले. धरणाच्या पाण्यावर, आपल्या मुळशीच्या तलावावर संध्याकाळी जसा प्रकाश असतो तसाच होता. आधी शंभर, मग हजार, मग मोजणं सोडलं. आवाज पावसासारखा. माझ्याकडे खिशातली साधी १८-५५ ची लेन्स होती, जी आपण मुंजीत वापरतो. तिने जे आलं ते आलं. तेच डास तुम्ही ऑफिसात बघता.

५ नोव्हेंबरला परत आलो. पुढच्या आठवड्यात दिवाळी. वहिनींच्या घरी फराळाला गेलो. त्यांनी विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी म्हटलं, "छान." त्यांनी चकल्या वाढल्या, मी खाल्ल्या. लेन्स माझ्या कपाटात, फडक्यात गुंडाळलेली. मुंबईला फोन करून दुरुस्तीचा अंदाज विचारला होता, ३८,००० च्या आसपास. विमान कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर आलं की तिकिटाच्या अटी वाचा. वाचल्या. देशातल्या प्रवासात भरपाई सामानाच्या वजनावर मोजतात, किमतीवर नाही, आणि कॅमेरा, काच, दागिने असल्या वस्तू खालच्या सामानात ठेवल्यास जबाबदारी प्रवाशाची. हे सगळं बारीक अक्षरात आधीपासून लिहिलेलं होतं. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी सांगतो, बाहेरच्या प्रवासाला मॉन्ट्रियलचा करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे, आणि सामान देताना जास्त किंमत जाहीर करून जादा पैसे भरायची सोय त्यात आहे. पण मुळात काच खाली द्यायचीच नाही. आणखी एक. इथून महागडी लेन्स घेऊन परदेशी जात असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टमच्या माणसाला ती नंबरासकट दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परत येताना तीच वस्तू तिकडून विकत आणली नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. अर्धा तास जास्त ठेवून निघा.

असो. तुळशीच्या लग्नापर्यंत मी बोललो नाही. एकोणीस दिवस. मग एका दुपारी लेन्स घेऊन बी विंगमध्ये गेलो, टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जोडलेला कॅमेरा, रांग, लाज, सगळं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि डॉक्टरांची फाईल घेऊन आल्या. "विमा होता बहुतेक," म्हणाल्या. होता. डॉक्टरांनी दरवर्षी न चुकता सर्व जोखमींची पॉलिसी भरली होती. डॉक्टर गेल्यावर हप्ता भरायचा हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. पॉलिसी केव्हाच संपलेली. त्या कागदांच्या मागे अजून एक कागद निघाला. २०११ चं दुरुस्तीचं बिल, याच लेन्सचं. भरतपूरला सायकलरिक्षातून पडली होती. बिल बरंच मोठं होतं. वहिनी त्या बिलाकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या,

"म्हणजे त्या वर्षीचं गाडीचं काम ते हे."

मी हसू का नको, मला कळेना.

मग त्यांनी फाईल बंद केली. "भाऊजी, दुरुस्तीचे पैसे तुम्हीच भरा. नाहीतर तुम्हालाच बरं वाटणार नाही. वस्तू पडते, त्यांच्या हातूनही पडली. पण तुम्ही दिवाळीत इथे बसून चकल्या खाल्ल्या आणि बोलला नाहीत, ते मला आवडलं नाही." एवढंच म्हणाल्या. ते बिल मी भरलं, पण हे वाक्य अजून माझ्याकडे थकबाकीत आहे. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय.

लेन्स सहा आठवड्यांनी दुरुस्त होऊन आली. कडी नवी, आतली एक केबल नवी. मला वाटलं, वहिनी आता कपाटात ठेवतील. त्यांनी काय केलं हे तुम्हाला माहीत आहे. ऑफिसात आपली वही आहे ना, शिडी, ड्रिल मशीन, व्हीलचेअर कुणी नेली ते लिहायची? २०१६ च्या जानेवारीत त्यांनी त्यात स्वतःच्या अक्षरात एक पान उघडलं. 'डॉक्टरांची लेन्स. सोसायटीतल्या कुणालाही. आधी दोन रविवार तलावावर भाऊजींबरोबर शिकल्यावर.' त्याखाली अटी. कॅमेरा नेहमी सोडवून. विमानात हातात, बॅग खाली मागितली तर लेन्स काढून घ्यायची, कितीही लोक मागे उभे असले तरी. नेताना आणि आणताना काट्यावर वजन. मी म्हटलं, वहिनी, आणताना वजन कशाला, काच थोडीच झिजते? त्या म्हणाल्या, असू दे, वजन करायचं म्हणजे उघडून बघावं लागतं. चाळीस वर्षं डॉक्टरच्या घरात राहिलेली बाई; तपासणी कशी करून घ्यायची त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. विम्याचा हप्ता दर जानेवारीला त्या भरतात आणि पावती त्याच पानाला टाचतात.

पावसाळ्यात ती माझ्याकडे असते. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि आत दमटपणा मोजायचा छोटा काटा, चाळीस ते पन्नासच्या मध्ये. पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर शेकायच्या. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात, तो तपशील देत नाही.

आता नव्या लेन्स हलक्या झाल्यात. याच कंपनीची पुढची ५०० मिलिमीटर ३ किलो १९० ग्रॅमची आहे, आणि निकॉनने तर ५०० ची दीड किलोच्या आत बसवली, जरा कमी उजेडाची. मुलं मला म्हणतात, काका, ही जुनी विकून टाकू. मी त्यांना वही दाखवतो. आतापर्यंत त्या पानावर एकतीस नोंदी आहेत. भिगवणच्या सगळ्यात जास्त, विमानाच्या सात.

सध्या ती सी विंगमधल्या आपल्या मुलीकडे आहे, काझीरंगाला गेलीये. परवा दुपारी तिचा मेसेज आला, "काका, छोटं विमान आहे, बॅग खाली द्यायला सांगताहेत." माझ्या पोटात गोळा आला. मी टाइप करेपर्यंत दुसरा मेसेज आला, फोटोच. समोरच्या सीटखाली, तिच्या आईच्या शालीत गुंडाळलेली पांढरी लेन्स. मी तसाच बी विंगमध्ये गेलो आणि वहिनींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "कॅमेरा वेगळा काढलाय ना?"

काढला होता. दुसऱ्या खिशात होता.